टाळू भरणं

बाळाच्या डोक्यावर हाड नसलेली जागा असते, हे मला बाळ होईपर्यंत कुणी सांगितलंच नव्हतं. आणि मी काही अडाणी नव्हते. बारावीला सायन्स घेतलं होतं. हाडांच्या सापळ्याचं चित्र काढून त्याला बाण दाखवले होते, कवटी म्हणजे मेंदूची पेटी हे घोकलं होतं. पण पुस्तकातली ती कवटी मोठ्या माणसाची, तीही मेलेल्या. जिवंत बाळाची कशी असते ते छापायला त्यांना जागा पुरली नसेल. बाळंतपणाला माहेरी पुंडलिकनगरला होते. पहिल्यांदा पोराचं डोकं नीट हातात घेतलं, अंगठा कपाळावरून वर सरकला आणि एकदम मऊ लागलं. हाड संपलं होतं, आणि कातडीखाली काहीतरी धडधडत होतं. चटका बसल्यासारखा मी हात मागं घेतला. आई हसली. म्हणाली, टाळू आहे ती, सगळ्यांचीच असते, तुझीही होती.

सगळ्यांचीच असते म्हणून भीती कमी होते का? मी मुळातच भित्री. भांडायला पुढं आणि भ्यायलाही पुढं, असा माझा स्वभाव. त्या दिवसापासून घरातली प्रत्येक वस्तू मला त्या टाळूवर पडायला टपलेली दिसायला लागली. फडताळावरचा डबा, भिंतीवरचं घड्याळ, पत्र्यावरची पाल. हातातल्या काचेच्या बांगड्या फुटून तिथं लागतील म्हणून मी त्या काढून ठेवल्या, तर आई अशी ओरडली की शेजारच्या बाया गोळा झाल्या. शेवटी दोन हातांत एकेक पातळ बांगडी ठेवून तह झाला. पोर झोपलं की मी वाकून बघत बसायची. टाळू वर होई, खाली होई. ती चालू आहे तोवर पोर जिवंत आहे, एवढंच मला कळायचं.

बाळ बसायला शिकायच्या आधीच आम्ही सासरी आलो. सासर म्हणजे बजाजनगरमधल्या पत्र्याच्या दोन खोल्या. आमचे हे वाळूजला कंपनीत होते, अजून पर्मनंट झालेले नव्हते. त्यामुळं सुट्टी हा शब्द आमच्या घरात वर्ज्य. वाळूजचा कारखान्यांचा भाग तेव्हा नवा नवा वाढत होता, सगळीकडं खडी, धूळ आणि टँकरची वाट बघणारे हंडे. नातेवाईक म्हणावं असं आसपास कुणी नाही, माहेर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला. म्हणून सासूबाई पैठणकडच्या गावाहून आल्या. सोबत ओवा, एरंडेल, घाण्यावरचं तेल आणि उडदाची पुरचुंडी. मी त्यांना आत्या म्हणायची. बाई उंच, हाडानं मोठी, बोलायला कमी. पण त्यांचे हात काय सांगू! माझ्या हातात किंचाळणारं पोर त्यांच्या पायांवर आडवं पडलं की तेल लावताना हसायला लागायचं.

टाळू भरणं हे त्यांचं रोजचं काम. तळहाताच्या खळग्यात कोमट तेल घ्यायचं, हात टाळूवर ठेवायचा आणि गप्प बसायचं, तेल जिरेपर्यंत. मधेच कुणी बोललेलं त्यांना चालायचं नाही. पोरगं जेवढं तेल पिईल तेवढं डोकं भरेल, असं त्या म्हणायच्या. हाड काय तेल पितं का, असं माझ्या अगदी ओठांवर यायचं, पण मी गिळून टाकायची. खरं सांगायचं तर त्यांचा तो मोठा हात तिथं झाकणासारखा बसला की माझाही जीव थाऱ्यावर यायचा. निदान तेवढा वेळ तरी तिथं काही पडणार नव्हतं.

उन्हाळ्यात पोराला जुलाब सुरू झाले. आत्या म्हणाल्या, दात येतायत. मलाही तसंच वाटलं, कारण हिरड्या शिवशिवत असल्यासारखं ते सगळं तोंडात घालत होतं. पण जुलाब थांबेनात. आधी पिवळं होतं, मग नुसतं पाणी व्हायला लागलं. दुपट्यांचा ढीग धुवायला टँकरचं पाणी पुरेना. मग आत्यांनी वरचं पाणी बंद केलं. वाटीनं पाजायचं नाही, बोटानंसुद्धा ओठ ओले करायचे नाहीत. अंगावरचं दूधही कमी. त्यांचं म्हणणं सरळ होतं. जे वरून जातंय तेच खालून येतंय, मग वरून घातलंच नाही तर येणार कुठून? नळ बंद केला की गळती थांबते, याला बारावीचं सायन्स तरी काय म्हणणार? यांना विचारलं, तर हे डबा उचलता उचलता म्हणाले, आईला कळतं, तिनंच आम्हाला मोठं केलं. आणि पहिल्या पाळीला निघून गेले.

एका सकाळी मी नेहमीसारखी टाळू बघायला वाकले. टाळू हलत नव्हती. नीट निरखून बघितल्यावर हलत होती, पण अगदी खोल, दिसेल न दिसेल अशी. आणि तिथं खड्डा पडला होता. कालपर्यंत सपाट असलेल्या जागी माझ्या अंगठ्याचं टोक बसेल एवढा खळगा. मी आत्यांना हाक मारली. त्या आल्या, बघितलं, आणि त्यांचा चेहरा एकदम उतरला. म्हणाल्या, "टाळू बसली."

एवढंच बोलून त्या कामाला लागल्या. उडीद पाट्यावर वाटले, पीठ एरंडेलात घट्ट मळलं, थापून भाकरीसारखी छोटी चकती केली आणि खड्ड्यावर दाबून बसवली. कडा बोटानं गुळगुळीत केल्या. वरून टोपडं घातलं. सुकून आपोआप सुटेपर्यंत कुणी हात लावायचा नाही, म्हणाल्या. उडीद टाळूला वर ओढून घेतात. त्यांनी हे सगळं इतक्या जपून, इतक्या मायेनं केलं की रागवायलाही जागा नव्हती. वरून बघितलं तर डोकं सपाट दिसत होतं, म्हणजे खड्डा बुजला होता.

आणि तिथून माझी खरी भीती सुरू झाली. तोवर मला ती टाळू बघून तरी कळत होतं. आता तिच्यावर चकती होती. खाली ती हलतेय की नाही, खड्डा भरतोय की वाढतोय, काही समजायला मार्ग नव्हता. मी दर थोड्या वेळानं पोराच्या नाकाखाली बोट धरायची. श्वास लागायचा, मग मी चुलीशी जायची, भाकरी अर्धी थापून परत यायची. हातपाय गार पडलेले, त्याचेही आणि माझेही. आत्या मात्र जरा सैल झाल्या होत्या. दुपटं कोरडं राहिलं होतं. बघ, थांबले जुलाब, म्हणाल्या. पोर रडतही नव्हतं, गुमान पडून होतं. त्या म्हणाल्या, निवलं.

मलाही तसं मानायचं होतं. कोण आई मानणार नाही? पण दुपट्याला हात लावला आणि लक्षात आलं की ते सगळ्याच बाबतीत कोरडं आहे. लघवीही झालेली नव्हती, सकाळपासून नव्हती. मी त्याला अंगावर घेतलं, तर त्याला ओढायची ताकद नव्हती. जीभ कोरडी, खरखरीत लागली. मग मी एक वाईट काम केलं, त्याच्या तळपायाला चिमटा काढला. त्यानं तोंड वाकडं केलं, बारीकसा आवाज काढला, रडायचं सगळं केलं, पण डोळ्यांत पाणी आलं नाही. एक टिपूससुद्धा नाही. डोळे आत गेलेले आणि सुके. मी तशीच जमिनीवर बसले. जुलाब थांबले नव्हते, पोरातलं पाणी संपलं होतं.

टँकर आला होता, आत्या हंडे घेऊन बाहेर गेल्या होत्या. मी टोपडं काढलं आणि चकतीची कड नखानं उचकटली. तेलानं ती सुटून आली, चारदोन केस घेऊन आली. खाली खड्डा होता. सकाळी अंगठ्याचं टोक मावत होतं, आता त्याच्या दुप्पट खोल. भोवतीच्या हाडांच्या कडा वर आलेल्या दिसत होत्या. इतके दिवस वरून काय पडेल याची धास्ती घेतलेली मी, आणि हे आतूनच खाली खाली चाललं होतं.

आत्या हंडा घेऊन आत आल्या तेव्हा मी पोराला पदरात गुंडाळून उंबऱ्यात उभी होते. चकती जमिनीवर पडलेली त्यांनी बघितली. त्या दारातून हलल्या नाहीत. उन्हाचं लेकरू बाहेर काढायचं नाय, टाळू उघडी पडलीय, वारं शिरंल, असं काहीबाही बोलत राहिल्या. एरवी मी शंभर वाक्यं सुनावली असती. त्या दिवशी माझ्या तोंडून एकच निघालं.

"आत्या, बाजूला व्हा. हे मरतंय."

त्या बाजूला झाल्या. आणि हंडा तसाच उंबऱ्यात ठेवून, पायात चप्पल न घालता, माझ्या मागं चालायला लागल्या.

मोठ्या रस्त्याला शहराकडं जाणारी काळीपिवळी जीप मिळाली. त्यात आधीच माणसं कोंबलेली, पण पोराचं तोंड बघून एकानं जागा दिली. रस्ताभर मी त्याला हलवत होते, झोपू नको रे, झोपू नको. शेजारी आत्या बसल्या होत्या, त्यांचा हात नकळत उठायचा आणि टाळूवर झाकण धरायचा. मी तो हात झटकून टाकला. त्यांनी परत ठेवला नाही. छावणीच्या नाक्यापाशी गर्दीत जीप अडकली तेव्हा मला वाटलं, आता संपलं. मी मोठ्यानं रडायला लागले. ड्रायव्हरनं मागं वळून बघितलं आणि कर्णा जो दाबला तो दवाखाना येईपर्यंत सोडला नाही.

सरकारी दवाखान्यातली डॉक्टरीण वयानं माझ्याएवढीच असेल. याच शहरातली, घरी उर्दू बोलणारी, मराठी अगदी चांगलं पण मधूनच अम्मा, देखो असं येणारं. तिनं पोराच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, सावकाश खाली बसली. तिनं मला एकच विचारलं, पाणी कधीपासून दिलं नाही? मी आत्यांकडं बघितलं. आत्यांनी खाली बघितलं.

सलाईन लावायचं ठरलं, तर शीर सापडेना. नर्सनं एका हातावर बघितलं, दुसऱ्या हातावर, पायांवर. सुई टोचायची, काढायची. एकदा रक्त आलं ते एक थेंब, काळपट आणि दाट. थेंब तिथंच थांबला, ओघळलाही नाही. रक्तातलं पाणी आटलं की असं होतं, शिरा चपट्या होतात, डॉक्टरीण म्हणाली. मग ती म्हणाली, डोक्याची शीर घेऊ. तान्ह्या पोराची तीच लवकर सापडते. नर्सनं ब्लेड काढलं.

तेव्हा आत्या पहिल्यांदा पुढं झाल्या. पोराचं जावळ अजून काढायचं होतं. देवापुढं, मामाच्या मांडीवर, वाजतगाजत काढायचे ते पहिले केस, आणि इथं कोण कुठली बाई दवाखान्याच्या टेबलावर ब्लेड लावतेय. त्यांनी नर्सचं मनगट धरलं. त्या ब्लेड लावूच देणार नव्हत्या, पण तेवढ्यात पोरानं डोळे वर फिरवले आणि नुसतं पांढरं दिसलं. आत्यांनी मनगट सोडलं. मग त्यांनी स्वतःच पोराचं डोकं दोन्ही हातांत घट्ट धरलं, आणि कानाच्या वरचा केसांचा पट्टा उतरला तसा पदरात झेलून गाठ मारली. सुई आत गेली. टाळूपासून हातभर अंतर असतं तरी मला कमीच वाटलं असतं, होतं मात्र चार बोटं. मी भिंतीकडं तोंड करून उभी राहिले. नर्सनं मला खाली बसवलं.

मग वाट बघणं. बाटलीतून थेंब पडायचा, मी पुढच्या थेंबाची वाट बघायची. पोर राहतंय की जातंय हे कुणी सांगत नव्हतं. डॉक्टरीण दोनदा येऊन टाळूवर बोट ठेवून गेली. आत्या खाटेच्या पायथ्याशी फरशीवर बसलेल्या, पदराची गाठ मुठीत. मी मनातल्या मनात त्यांच्याशी बोलत होते. हे जर गेलं तर तुमचं तोंड बघणार नाही, हे एक. तुमच्या हातचं पाणी पिणार नाही, हे दुसरं. एकाहून एक जहरी वाक्यं मी तयार करून ठेवली होती, नुसती वेळ यायचा अवकाश.

उन्हं उतरायला लागली तेव्हा पोरानं लघवी केली. चादर भिजली, माझी साडी भिजली, आणि मी वेड्यासारखी हसायला लागले. डॉक्टरीण आली. तिनं माझं बोट धरून टाळूवर ठेवलं. खळगा वर आला होता, अगदी सपाट नव्हे, पण वर. आणि खाली धडधड होती. टक, टक, टक. त्या जागेला हात लावायला आयुष्यात पहिल्यांदा मला भीती वाटली नाही.

तिला जरा फुरसत होती, म्हणून ती आम्हा दोघींना समजावून सांगत बसली. बाळाच्या कवटीची हाडं सुटी असतात, जन्मताना डोकं बाहेर यावं आणि पुढं मेंदूला वाढायला जागा मिळावी म्हणून. वर्ष दीड वर्षात हाडं कडांनी वाढत वाढत एकमेकांना मिळतात, मग टाळू बुजते. तोवर तिथं नुसतं कातडं आणि पडदा, त्यामुळं आत रक्ताचा ठोका पडतो तो बाहेर दिसतो. रक्त म्हणजे निम्म्याहून जास्त पाणीच. जुलाबात ते पाणी गेलं की रक्त कमी पडतं, आतला दाब उतरतो आणि टाळू खाली बसते. "खड्डा आतून पडतो अम्मा, वरून कितीही भरा. जुलाब असले तरी पाणी पाजायचं. उलट तेव्हाच जास्त पाजायचं. मीठ आणि साखर घालून, चमच्या चमच्यानं. पोटात टिकतं ते." तिच्या बोलण्यात राग नव्हता. रोज सांगावं लागत असेल.

ती गेली. नर्सनं वाटीत तसलं पाणी आणि चमचा आणून ठेवला. मी चमचा भरला. पोरानं चाटला, गिळला, आणि दुसऱ्यासाठी तोंड उघडलं. तहानेनं कासावीस झालेलं लेकरू कसं पितं ते मी तेव्हा बघितलं. चमचा बाजूला न्यायचा तर ते हिरडीनं धरून ठेवत होतं.

आत्या बघत होत्या. मग फरशीकडं बघत म्हणाल्या की आमच्या यांच्या आधी त्यांना एक लेक होती. मी चमकले. लग्नाला इतके दिवस झाले, पण यांना बहीण होती हे आमच्या घरात कुणाच्या तोंडून कधी आलं नव्हतं. पावलं टाकायला लागली होती, त्या म्हणाल्या. असेच जुलाब लागले. असंच पाणी बंद केलं. उभं राहायची ताकद उरली नव्हती, तर ती रांगत रांगत रांजणापाशी जायची आणि रांजण बाहेरून पाझरतो ना, ती ओल चाटायची. मी उचलून आणायची, ती परत जायची. शेवटी रांजणाभोवती सरपण रचलं. हे सगळं त्या अगदी साध्या आवाजात सांगत होत्या, दुसऱ्या कुणाचं सांगावं तसं.

"टाळू भरली होती मी तिची. लई नीट भरली होती."

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. दुपारपासून मी जी वाक्यं तयार करून ठेवली होती त्यांतलं एकही मला आठवेना. मला त्यांची भीती वाटली, त्या आता काय विचारणार याची.

"तू शिकलेली हाईस. खरं सांग. पाण्यानं वाचली असती व्हय ती?"

मी नाही म्हणाले. म्हणाले, आत्या, तेव्हा असली औषधं कुठं होती, तुमच्या लेकीचं वेगळं असंल. माझा आवाज मलाच खोटा वाटला. त्यांनी मान हलवली. मी खोटं बोलतेय हे त्यांना कळलं होतं. त्या उठल्या, माझ्या हातातून वाटी आणि चमचा घेतला आणि खाटेवर पोराच्या उशाशी बसल्या. त्यांनी पहिला चमचा पाजला, दुसरा पाजला. मग माझ्याकडं न बघता म्हणाल्या,

"मीठ होतं गं घरात. गूळ होता. रांजण भरलेला होता."